मुळशीचे मावळे, टाटांची कंपनी आणि जनसंपर्काचा व्यवसाय

मुंबईत लोअर परळ स्थानकाच्या शेजारून जो लांबच लांब रस्ता जातो, त्याचे नाव सेनापती बापट मार्ग. जुने रहिवासी त्याला अजूनही तुळशी पाइप रोड म्हणतात. या रस्त्याच्या परिसरात एके काळी कापडगिरण्यांचे भोंगे वाजत. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या आणि त्यांच्या आवारांत आज काचेच्या इमारती उभ्या आहेत. बँका, वृत्तवाहिन्या, जाहिरात संस्था, जनसंपर्क संस्था यांची कार्यालये तेथे थाटली आहेत. सकाळच्या गाडीने तेथे उतरणाऱ्या तरुणांत आपल्या धर्मग्रामांतील मुले-मुलीही आता दिसू लागली आहेत. “मी पब्लिक रिलेशन्समध्ये आहे,” असे नात सांगते. आजीला ती नेमके काय विकते हे काही केल्या उमगत नाही.

आजीचा प्रश्न वाटतो तितका भाबडा नाही. जनसंपर्क संस्था वस्तू विकत नाही आणि वर्तमानपत्रातील जागाही विकत घेत नाही. जागा विकत घेणे हे जाहिरातीचे काम. ती एखाद्या कंपनीचे, संस्थेचे वा व्यक्तीचे म्हणणे लोकांपुढे नीट जावे, तिच्याविषयी विश्वास वाटावा, यासाठी दरमहा ठरावीक मोबदला घेऊन झटते. बातमीचा मजकूर तयार करणे, पत्रकारांशी ओळखी ठेवणे, पत्रकार परिषद बोलावणे, संकटाच्या वेळी काय बोलावे व काय बोलू नये हे सांगणे, महिनाअखेरीस छापून आलेल्या मजकुराची कात्रणे एकत्र करून पाठविणे, असा हा व्याप असतो. ज्यांच्यासाठी हे सारे करायचे त्यांना या व्यवसायात ‘क्लायंट’ म्हणतात. आपल्या भाषेत दुकानदाराला गिऱ्हाईक असते आणि वकिलाला अशील असते. क्लायंट हा शब्द अशिलाच्या अधिक जवळचा आहे. गिऱ्हाइकाला हवे ते द्यावे; अशिलाला मात्र प्रसंगी नको असलेलेही सांगावे लागते. या व्यवसायातील बरे-वाईट सारे, माझ्या समजुतीप्रमाणे, या दोन शब्दांमधल्या अंतरात सामावलेले आहे.

हे अंतर पाहायचे तर ज्यांचे नाव त्या रस्त्याला दिले आहे, त्या बापटांच्या मागोमाग पुणे जिल्ह्यातील मुळशीस जावे लागते. त्या रस्त्यावरच्या गिरण्यांना वीज पुरविणाऱ्या टाटांच्या जलविद्युत योजनांपैकी एका योजनेसाठी मुळशीचे खोरे बुडाले. आणि ते बुडू नये म्हणून जो लढा झाला त्यातूनच पांडुरंग महादेव बापटांना लोक ‘सेनापती’ म्हणू लागले.

टाटांची वीज ही त्या काळी मोठ्या अभिमानाची गोष्ट होती. मुंबईच्या गिरण्या दगडी कोळशावर चालत. सह्याद्रीच्या माथ्यावर पडणारा धो धो पाऊस अडवून तो कोकणच्या बाजूला उतरवावा व त्यावर वीज करावी ही कल्पना जमशेटजी टाटांच्या हयातीतच रुजली होती. पहिली कंपनी १९१० साली निघाली आणि १९१५ साली खोपोलीची वीज मुंबईस पोहोचली. दुसरी आंध्र व्हॅली कंपनी १९१६ ची; तिचे वीजघर भिवपुरीला. तिसरी टाटा पॉवर कंपनी १९१९ साली स्थापन झाली. मुळा आणि निळा या नद्यांच्या संगमाजवळ, मुळशी येथे धरण बांधून पाणी कोकणात भिरा येथे सोडायचे ही तिची योजना. भांडवल देशी, धनी देशी, आणि नागपूरच्या एम्प्रेस मिलपासून साकचीच्या पोलादापर्यंत कर्तृत्वाचा मोठा वारसा पाठीशी. परक्या सरकारच्या अमदानीत देशी माणसाने उभारलेल्या कारखान्यांविषयी सामान्य माणसाला केवढे प्रेम वाटत असेल, याची आज कल्पना करणे कठीण आहे.

जनसंपर्काच्या भाषेत बोलायचे तर या कंपनीचे आपल्या संबंधितांशी नाते उत्तम होते. गिरणीमालक तिचे ग्राहक होते. संस्थानिक आणि मुंबईचे धनिक तिचे भागधारक होते. मुंबई सरकार तिला अनुकूल होते. गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांच्या कारकिर्दीत १८९४ च्या भूसंपादन कायद्याखाली मुळशी पेट्यातील जमिनी कंपनीसाठी घेण्याचे सरकारने ठरविले. या सगळ्या मंडळींशी पत्रव्यवहार झाले, बैठका झाल्या, करार झाले. खोऱ्यातली सुमारे पन्नास गावे तेवढी या नात्याच्या बाहेर राहिली.

त्या गावांची माणसे म्हणजे मावळे. आंबेमोहोर भात पिकविणारी ही खाचरे त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या बांध घालून, माती वाहून तयार केली होती. त्यांच्याशी बोलायला कंपनीच्या वतीने कोण गेले? इंजिनिअर गेले, मोजणीदार गेले. जमिनी रीतसर ताब्यात येण्याआधीच चाचणीचे चर खणायला सुरुवात झाली, आणि विरोध होताच सरकारी यंत्रणा आली. म्हणजे ज्याचे घर बुडणार त्याला योजनेची पहिली ओळख झाली ती आपल्याच शेतात कुणी तरी खणलेल्या खड्ड्यातून. नात्याची याहून वाईट सुरुवात क्वचितच असेल.

गंमत अशी की नेमक्या याच वर्षांत अमेरिकेत जनसंपर्क हा स्वतंत्र व्यवसाय म्हणून आकार घेत होता. एडवर्ड बर्नेज यांनी न्यूयॉर्कमध्ये आपले कार्यालय उघडले ते १९१९ साली, टाटा पॉवरच्या स्थापनेच्याच वर्षी. या विषयावरचे त्यांचे गाजलेले पुस्तक १९२३ सालचे आहे, म्हणजे मुळशीचा लढा चालू असतानाचे. त्यांच्याआधी आयव्ही ली हे पत्रकार या क्षेत्रात उतरले होते. १९०६ साली त्यांनी एक निवेदन काढून जाहीर केले की आमचे काम उघडपणे चालेल, आम्ही देतो ती माहिती अचूक असेल आणि पत्रकारांना तपशील पडताळून पाहण्यास आम्ही मदत करू. तत्त्व फार चांगले होते. पुढे १९१४ साली कोलोरॅडोतील लडलो येथे संपावर गेलेल्या खाणकामगारांच्या तंबूंवर सैनिकांनी गोळीबार केला, तंबू पेटले, बायकामुले मेली. खाणीचे मोठे भागधारक रॉकफेलर यांनी लींना बोलावले. लींनी काढलेल्या पत्रकांत काही आकडे साफ चुकीचे निघाले आणि अप्टन सिंक्लेअर यांनी त्यांना ‘विषारी वेल’ अशा अर्थाचे टोपणनाव दिले, ते जन्मभर चिकटले. तथापि त्याच प्रकरणाच्या शेवटी, १९१५ साली, धाकटे रॉकफेलर स्वतः कोलोरॅडोस गेले, खाणीत उतरले, कामगारांच्या पंगतीला बसले. त्यांच्या भेटीने कामगारांचे सारे प्रश्न सुटले नाहीत. पण धन्याने समोर जाऊन उभे राहावे एवढी अक्कल त्या सल्ल्यात होती.

मुळशीत टाटांना असा सल्ला कुणी दिला काय? दिला, आणि तोही फुकट. १९२१ च्या एप्रिल महिन्यात गांधीजींनी ‘यंग इंडिया’त मुळशी पेट्याविषयी लिहिले. टाटांसारख्या थोर घराण्याने आपल्या कायदेशीर हक्कावर अडून न बसता त्या लोकांशीच बोलावे, त्यांच्याशी विचारविनिमय करून काय ते करावे, असे त्यांनी सुचविले. एका जरी गरीब माणसाच्या इच्छेविरुद्ध त्याचे नुकसान होणार असेल तर या योजनेपासून देशाला मिळणाऱ्या लाभांची किंमत काय, असेही त्यांनी विचारले. आज एखाद्या नामांकित संस्थेने मोठा मोबदला घेऊन मोठ्या कंपनीला द्यावा असाच हा सल्ला होता. देणारा कंपनीचा शत्रू नव्हता, तिच्याविषयी आदर बाळगणारा होता, आणि कंपनीकडून त्याला काहीही नको होते. सल्लागाराला यापलीकडे कसली पात्रता लागते? सल्ला मात्र स्वीकारला गेला नाही.

आता दुसऱ्या बाजूकडे वळू, कारण मावळ्यांच्या वतीनेही एक प्रकारचा जनसंपर्क चालला होताच. पुण्यात त्याला अनुभवी माणसे होती. न. चिं. केळकर ‘केसरी’चे संपादक. बापट स्वतः ‘चित्रमयजगत्’ आणि ‘मराठा’ या पत्रांत काम केलेले. एडिंबरोस शिकायला जाऊन तेथून पॅरिसला बॉम्बची विद्या मिळवून आलेला हा पारनेरचा क्रांतिकारक लेखणीच्या ताकदीविषयी अजाण नव्हता. मुळशीत उतरण्यापूर्वी अंदमानातील राजबंद्यांच्या सुटकेसाठी त्यांनी सह्यांची मोहीम राबविली होती. विनायकराव भुस्कुटे, शंकरराव देव अशी माणसे लढ्यात होती. सभा झाल्या, निधी जमला, ‘जान किंवा जमीन’ ही घोषणा ठरली. तीन शब्दांत सारा प्रश्न मांडणारी अशी घोषणा आजच्या जाहिरात संस्थांना महिनाभर डोके खाजवूनही सुचेल की नाही, शंकाच आहे.

१६ एप्रिल १९२१, रामनवमी. त्या दिवशी सुमारे बाराशे मावळे धरणाच्या कामावर जाऊन बसले. बायकाही होत्या. काम थांबले. मारामारी नाही, दगडफेक नाही. काही दिवसांतच कंपनीने सहा महिने काम बंद ठेवण्याचे मान्य केले. हा विजय छापलेल्या शब्दांनी मिळविला नव्हता. माणसे प्रत्यक्ष जागेवर येऊन बसली म्हणून मिळाला होता.

मग लढा हरला कसा? सरकारचा बडगा, पोलीस, तुरुंग हे कारण आहेच. डिसेंबर १९२१ मध्ये काम पुन्हा सुरू झाले आणि धरपकडही. फेब्रुवारी १९२२ मध्ये चौरीचौऱ्यानंतर देशभरचे आंदोलन मागे घेण्यात आले, मार्चमध्ये गांधीजी तुरुंगात गेले. सत्याग्रहींना येरवड्यात अतोनात हाल सोसावे लागले. पण या लढ्याचा इतिहास वाचताना मला अधिक अस्वस्थ करते ते दुसरेच कारण.

बुडणाऱ्या जमिनींपैकी बराच भाग कसत होते मावळे. कागदोपत्री त्याची मालकी मात्र कर्जापोटी सावकारांकडे गेली होती, आणि त्यांतले कित्येक सावकार पुण्याचे होते. पुण्यातल्या सभांत मावळ्यांविषयी कळवळ्याने बोलणारा समाज आणि या जमिनींवर हक्क असणारा समाज हे अगदी वेगळे नव्हते. सावकाराला प्रश्न होता किमतीचा: मोबदला किती? मावळ्याला प्रश्न होता जमिनीचा, जिची किंमत करायचीच नव्हती. एकाच छत्राखाली हे दोघे उभे होते. कंपनीने मोबदला वाढविला तसतसे पहिले लोक बाजूला झाले, आणि दुसऱ्यांच्या पायाखालची जमीन कागदावरच सरकली. अशा स्थितीत पुढाऱ्यांचे ‘अशील’ नेमके कोण होते? पुणे विद्यापीठात राज्यशास्त्र शिकविणारे राजेंद्र व्होरा यांनी या लढ्याचा सखोल अभ्यास करून त्याला जगातील पहिला धरणविरोधी लढा असे म्हटले. सावकार आणि कूळ यांच्या हिताचा हा झगडाही त्यांनी झाकून ठेवला नाही, याबद्दल त्यांचे आभार मानले पाहिजेत. आपण लढ्यांच्या कथा रंगवून सांगतो, आणि त्यांतल्या हिशेबाच्या वह्या मिटून ठेवतो.

बापटांपुढे हा पेच नव्हता. त्यांच्या नावे त्या खोऱ्यात गुंतलेला काही व्यवहार नव्हता. त्यांनी मावळ्यांची बाजू घेतली ती शेवटपर्यंत, आणि शेवट कडवट होता. सगळे थकल्यावर, १९२४ च्या अखेरीस, धरणाच्या कामाची रेल्वेगाडी त्यांनी हाती शस्त्र घेऊन अडविली. सात वर्षांची शिक्षा झाली. १९३१ साली सुटले. माझ्या मते हे कृत्य चुकीचे होते. रामनवमीच्या दिवशी नि:शस्त्र मावळ्यांनी जे मिळविले होते ते पिस्तुलाने परत मिळण्यासारखे नव्हते, आणि त्या गाडीवर पोटासाठी राबणारे गरीबच होते. तरीही ज्यांच्या वतीने आपण बोललो त्यांच्यासाठी स्वतः किंमत मोजणारा माणूस म्हणून बापट मला त्या काळच्या अनेक चतुर मंडळींपेक्षा मोठे वाटतात. भिऱ्याचे वीजघर १९२७ साली सुरू झाले. मावळे पांगले.

येथे ‘प्रचार’ या शब्दाविषयी थोडे विषयांतर करतो. ‘प्रॉपगंडा’ हा आज बदनाम झालेला शब्द जगाला आपल्या ख्रिस्तसभेनेच दिला. पोप पंधरावे ग्रेगरी यांनी १६२२ साली श्रद्धाप्रसारासाठी जे मंडळ रोममध्ये स्थापन केले त्याच्या लॅटिन नावात तो आहे. मूळ लॅटिन क्रियापद माळ्याच्या कामातले: फांदी मातीत दाबून तिला मुळे फुटेपर्यंत राखायची, मग तिचे नवे रोप करायचे. पहिल्या महायुद्धात सर्वच सरकारांनी हा शब्द इतका मळवला की बर्नेज यांच्यासारख्यांना आपल्या धंद्यासाठी दुसरे, सभ्य नाव शोधावे लागले. हिंदुस्थान सरकारनेही १९१८ साली प्रसिद्धी मंडळ नेमले होते आणि ‘टाइम्स ऑफ इंडिया’चे संपादक स्टॅन्ली रीड त्यात प्रमुख होते. पत्रकार आणि प्रसिद्धिप्रमुख एकाच देहात नांदण्याची प्रथा आपल्याकडे बरीच जुनी आहे.

टाटा घराण्याने मुंबईत आपला स्वतंत्र जनसंपर्क विभाग काढला तो १९४३ साली. भारतीय उद्योगांतील या कामाची पद्धतशीर सुरुवात म्हणून या व्यवसायाच्या इतिहासात तो सांगितला जातो. मुळशीनंतर वीस वर्षांनी. मुळशीच्या अनुभवाशी त्याचा थेट संबंध जोडणे धाडसाचे होईल. त्याआधी, १९३६ साली, सर दोराबजी टाटांच्या नावाने समाजकार्याची जी शाळा मुंबईत निघाली तीच आजची टाटा समाजविज्ञान संस्था. नर्मदेवरील सरदार सरोवराच्या विस्थापितांच्या पुनर्वसनाची पाहणी याच संस्थेच्या अभ्यासकांनी पुढे केली. इतिहासाची वळणे अशी असतात. १९५८ साली भारतीय जनसंपर्क संस्थेची स्थापना झाली आणि १९६८ साली दिल्लीच्या परिषदेत तिने व्यवसायाची आचारसंहिता स्वीकारली. १९९१ नंतर बाजार खुला झाला, परदेशी कंपन्या आल्या, आणि स्वतंत्र संस्थांचे पेवच फुटले.

मुळशी तालुक्यालाही या नव्या युगाचा अनुभव आला. वरसगाव जलाशयाच्या काठी लवासा नावाचे डोंगरावरील शहर उभारण्याचा प्रकल्प हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनीने हाती घेतला. स्वतंत्र भारतातील पहिले नियोजित गिरिनगर म्हणून त्याची देशभर प्रसिद्धी झाली. इटलीतील बंदराच्या धर्तीची रंगीत घरे चित्रांतून घरोघरी पोहोचली. त्याच वेळी जमिनीच्या व्यवहारांविषयी आणि डोंगरकापणीविषयी तक्रारी होत होत्या. नोव्हेंबर २०१० मध्ये केंद्रीय पर्यावरण खात्याने काम थांबविण्याची नोटीस दिली. वर्षभराने काही अटींवर परवानगी मिळाली. ऑगस्ट २०१८ मध्ये लवासा कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. कात्रणांची वही तेव्हा नक्कीच जाडजूड असेल. घरासाठी पैसे भरून बसलेल्या कुटुंबांना तिचा उपयोग झाला नाही.

या व्यवसायात शिरणाऱ्या आपल्या तरुणांना वरिष्ठ सांगतात की क्लायंटशी नाते जपा: त्याचा फोन लगेच उचला, त्याचा धंदा समजून घ्या, दिलेली वेळ पाळा, आणि जमणार नाही ते कबूल करू नका. सगळे खरे आणि उपयोगाचे आहे. पण १९२१ साली टाटांच्या कचेरीत असा एखादा तरुण नोकरीस असता, तर त्याच्यापुढे खरा प्रसंग आला असता तो वेगळाच. साहेबांपुढे उभे राहून त्याला म्हणावे लागले असते, “साहेब, पत्रक नंतर काढू. आधी आपण मुळशीला जाऊन या लोकांना भेटले पाहिजे, आणि ते नाही म्हणाले तर काय करायचे हे जाण्याआधीच ठरवले पाहिजे.” हे बोलून कदाचित नोकरी गेली असती, कदाचित खोरे वाचले नसते तरी माणसे नीट वसविली गेली असती. वकिलाला असे बोलण्याचे संरक्षण परंपरेने दिले आहे. जनसंपर्काच्या माणसाला ते नाही. महिन्याचा करार पुढच्या महिन्यात संपू शकतो. म्हणून घरच्यांनी तरी त्याच्या पगाराचा आकडा विचारताना एवढे विचारावे की तुझा साहेब तुझे ‘नाही’ ऐकून घेतो काय.

मुळशीच्या जमिनी ज्याखाली गेल्या तो १८९४ चा कायदा तब्बल ११९ वर्षे टिकला. १ जानेवारी २०१४ पासून त्याच्या जागी नवा कायदा आला. खासगी कंपनीसाठी सरकारने जमीन घ्यायची तर ८० टक्के बाधित कुटुंबांची पूर्वसंमती हवी, सामाजिक परिणामांचा अभ्यास हवा, त्याची जनसुनावणी हवी आणि अहवाल स्थानिक भाषेत मिळाला पाहिजे, असे त्यात लिहिले आहे. गांधीजींनी विनंती म्हणून जे सांगितले होते त्यातला काही भाग आता कायद्याने सांगितला. गावात बैठका लावणे, माहितीपत्रके तयार करणे ही कामे आता बाहेरच्या सल्लागार संस्थांकडेही जातात, आणि लोअर परळच्या कचेरीतून एखादी मुलगी त्यासाठी खेड्यात येऊन उतरू शकते. तिने सोबत आणलेल्या यादीत एक गोष्ट तिला बारकाईने पाहावी लागेल. नव्या कायद्याने ‘बाधित कुटुंब’ या शब्दात कुळे, वाटेकरी आणि तीन वर्षे तेथे राबून पोट भरणारे शेतमजूरही धरले आहेत. पुनर्वसनात त्यांना वाटा आहे. संमतीचे ८० टक्के मोजताना मात्र ज्यांची जमीन वा मालमत्ता जाते आणि ज्यांना सरकारने जमीन नेमून दिली आहे, तेवढीच कुटुंबे मोजली जातात.